नाटोत नोकरी नाही, तरी विषय सोडू नकोस

पत्र : मी बार्शीत एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश नाटोच्या बैठकांना का जातात, यावर मी कॉलेजात सेमिनार दिला (प्रत सोबत जोडली आहे) आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मला याच विषयात काम करायचंय, जमलं तर ब्रसेल्सला नाटोतच. एक संस्था पंचेचाळीस हजारांत ‘इंटरनॅशनल डिप्लोमसी’चं सर्टिफिकेट आणि ‘नाटो इंटर्नशिपसाठी मार्गदर्शन’ देते म्हणते, महिनाअखेरपर्यंत पैसे भरायचेत. भरू का? पाकिस्तान नाटोचा मित्र आहे असं वाचलं, मग भारत का नाही? आणि एम.ए. कुठून करू?

(खाली वेगळ्या पेनाने, वडिलांच्या अक्षरात : ‘सर, हे आपल्याला झेपणारं आहे का तेवढं सांगा. नाहीतर बी.एड. बरं.’)

उत्तर :

नाव छापू नका असं तू लिहिलंयस, म्हणून नुसतं ‘मुली’ म्हणतो.

आधी पैशांचं बोलू, कारण तारीख जवळ आली आहे. भरू नकोस. नाटोच्या नागरी नोकऱ्या काय आणि इंटर्नशिप काय, दोन्हींची पहिली अट एकच : अर्जदार सदस्य देशाचा नागरिक हवा. नाटो म्हणजे उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती, तिचे सदस्य देश ३२. शेवटचा स्वीडन, मार्च २०२४ मध्ये आला. भारतीय पासपोर्टवरचा अर्ज पहिल्याच रकान्यात अडतो. ही अट कुणालाही फुकट वाचता येते. ती न सांगता जी संस्था ‘मार्गदर्शना’चे पैसे मागते, तिला एकतर ती ठाऊक नाही किंवा ठाऊक असून ती गप्प आहे. मी या कामात बावीस वर्षं आहे. सर्टिफिकेटला ‘इंटरनॅशनल’ हा शब्द चिकटला की किमतीत एक शून्य कसं वाढतं, ते दरवर्षी पाहतो.

जपानी माणसालासुद्धा नाटोत सरळ नोकरी नाही बरं का. २०१४ मध्ये जपानने आपल्या सैन्यातली एक महिला अधिकारी ब्रसेल्सच्या मुख्यालयात कामाला पाठवली, पण ती गेली जपान सरकारची माणूस म्हणून. यात तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. नाटोच्या टेबलाशी बसायचं तर तुझ्या देशाने तुला तिथे पाठवावं लागतं, आणि भारत तिथे माणसं पाठवत नाही. म्हणून नाटो हा तुझ्या अभ्यासाचा विषय ठरेल, पगार मात्र दुसरीकडून घ्यावा लागेल. तो कुठून, ते पुढे सांगतो. त्याआधी सेमिनारबद्दल, कारण मला तुझ्यात रस वाटला तो त्यामुळे.

पान दोनवर तू जपानला ‘नाटोचा अर्धा सदस्य’ म्हटलंयस. या एका शब्दावर मुलाखत घेणारे तुला अर्धा तास घोळवतील. अर्धा सदस्य असं काही नसतं. ४ एप्रिल १९४९ ला वॉशिंग्टनमध्ये सह्या झालेला मूळ करार अवघ्या १४ कलमांचा आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतो. तो वाच. पाचवं कलम, म्हणजे एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला, हे टीव्हीवर सगळे सांगतात. मला विचारशील तर खरी गोम सहाव्या आणि दहाव्या कलमात आहे. हल्ला कुठे झाला तर पाचवं कलम लागू होईल, त्याचा नकाशा सहावं कलम आखून देतं. युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तानची भूमी आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या वरची बेटं. म्हणून १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनची दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं घेतली तेव्हा ब्रिटन संस्थापक सदस्य असूनही हे कलम त्याच्या कामाचं नव्हतं. हवाई हे तर अमेरिकेचं राज्य, पण ते पॅसिफिकमध्ये, म्हणजे तेही रेषेबाहेर. आणि दहावं कलम म्हणतं, नवा सदस्य घ्यायचा तर युरोपातलाच. टोकियो कितीही जवळचं झालं तरी करार न बदलता त्याला आत घेता येत नाही.

मग जपानला बोलावतात कशाला? जून २०२२ मध्ये नाटोच्या माद्रिदच्या शिखर बैठकीला तुझ्या चारही देशांचे नेते पहिल्यांदा एकत्र गेले. युक्रेनवरच्या हल्ल्याला तेव्हा चार महिने झाले होते. नाटोने त्याच बैठकीत आपला नवा धोरण-आराखडा मंजूर केला आणि त्यात चीनचं नाव प्रथमच आलं. आज युक्रेनचं झालं ते उद्या पूर्व आशियाचं होऊ शकतं, असं जपानचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा वारंवार म्हणत होते. २०२४ च्या शरद ऋतूत उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या बाजूने कुर्स्कच्या आघाडीवर पोचले, तेव्हा सोलची, म्हणजे दक्षिण कोरियाची काळजी आणि ब्रसेल्सची काळजी एकाच नकाशावर आली. तुझ्या सेमिनारमध्ये हे सगळं आहे, चांगलं मांडलंयस.

राहिलं आहे ते उलट बाजूचं. २०२३ मध्ये टोकियोत नाटोचं छोटं संपर्क कार्यालय उघडायचं घाटत होतं. फ्रान्स आडवा आला. नाटो ही उत्तर अटलांटिकची संघटना आहे, पॅसिफिकमध्ये तिचं काय काम, हा त्यांचा मुद्दा. कार्यालय बारगळलं. जून २०२५ च्या हेगच्या बैठकीला चार देशांपैकी फक्त न्यूझीलंडचे पंतप्रधान स्वतः गेले, बाकी तिघांनी मंत्री किंवा सल्लागार पाठवून वेळ निभावली. पण म्हणून हे सगळं फोटोपुरतं, असंही नाही. नाटोच्या फौजा होत्या त्या अफगाणिस्तानात ऑस्ट्रेलियाचे ४१ सैनिक मरण पावले, न्यूझीलंडने बामियान प्रांतात दहा वर्षं पथक ठेवलं, आणि पाचव्या कलमाचं कवच यांतल्या एकालाही नव्हतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर इथे बैठक बसते, पाहुणचार होतो, देणंघेणंही होतं. सुपारी मात्र फुटत नाही. ती का फुटत नाही आणि तरी दोन्हीकडची माणसं पुन्हा पुन्हा का येतात, हे ज्याला नीट सांगता येतं त्याला या क्षेत्रात काम आहे. ‘वाढती भागीदारी’ असं मथळ्यात लिहून मोकळे होणारे ढिगाने आहेत.

पाकिस्तानबद्दल तुझा जो गोंधळ आहे, तो मी पत्रकारांचाही पाहिलाय. २००४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला ‘मेजर नॉन-नाटो ॲलाय’ हा दर्जा दिला. नावात नाटो असलं तरी दर्जा अमेरिकेच्या कायद्यातला, देणारा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. नाटोचा त्याच्याशी संबंध नाही. त्याखेरीज, अफगाणिस्तानातल्या नाटो फौजांची रसद पाकिस्तानातून जायची, त्या काळापासून नाटोच्या जगभरातल्या भागीदारांच्या यादीत पाकिस्तानचं नाव आहे. या दोन वेगळ्या गोष्टी. भारत दोन्हींत नाही, आणि तो वगळला गेलाय असंही नाही. अमेरिकेने आपल्याला २०१६ मध्ये ‘मेजर डिफेन्स पार्टनर’ म्हटलं, त्याच वर्षी एकमेकांच्या तळांवर इंधन-रसद घेण्याचा करार झाला, २०१८ मध्ये सुरक्षित दळणवळणाचा आणि २०२० मध्ये नकाशे व उपग्रह-माहितीचा. नाटोचा साचा भारताला लागू पडत नाही, हे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. हे धोरण पटतं की नाही ते तू ठरव. फक्त ‘मग भारत का नाही?’ असं लिहिताना भारत दाराशी ताटकळला आहे असा सूर येतो, तो चुकीचा.

आता बाबांशी दोन शब्द.

दादा, तुमच्या दुकानात पंपाची मोटार येते तेव्हा बेअरिंग कुणाचं आहे हे तुम्ही नंतर बघता, आधी नंबर बघता. ६२०३ म्हटलं की १७ मिलिमीटरचा शाफ्ट. कंपनी जर्मन असो, जपानी असो की राजकोटची, ते बसणार. तुमची मुलगी ज्या विषयामागे लागली आहे, त्याचा गाभा हाच आहे. वेगवेगळ्या देशांच्या फौजा एकत्र आल्या तर एकाचा तोफगोळा दुसऱ्याच्या तोफेत बसला पाहिजे, एकाच्या टँकरची नळी दुसऱ्याच्या विमानाला लागली पाहिजे. त्यासाठी नाटोने मानकं ठरवली, आणि प्रत्येक सुट्या भागाला १३ आकडी नंबर दिला. पहिले चार आकडे वस्तूच्या गटाचे, पुढचे दोन देशाचे, उरलेले सात त्या वस्तूचे. जपान-कोरिया-ऑस्ट्रेलिया ही नंबराची पद्धत वापरतात. नाटोशी भागीदारी नसलेला आपला भारतसुद्धा त्यात सहभागी आहे; संरक्षण मंत्रालयात त्यासाठी वेगळं मानकीकरण संचालनालय आहे. दक्षिण कोरियाची के-९ तोफ घ्या. पोलंडकडे आहे, नॉर्वेकडे आहे, आणि गुजरातेत हजिऱ्याला एल अँड टी तीच तोफ ‘वज्र’ नावाने बनवते. तोंड १५५ मिलिमीटरचं. पुण्यात पाषाणच्या सरकारी प्रयोगशाळेने आखलेली आणि भारत फोर्ज बनवते ती ‘अटॅग्ज’ तोफही १५५ मिलिमीटरचीच.

म्हणून ‘हे आपल्याला झेपणारं आहे का’ याचं माझं उत्तर असं : विषय झेपणारा आहे, कारण तो तुमच्याच घरातल्या कामाचा मोठा भाऊ आहे. पोट भरण्याचा रस्ता मात्र वळणाचा आहे, आणि त्यावर तुमची काळजी रास्त आहे. बी.एड. वाईट नाही. पण ज्या मुलीला शिकवायचंच नाही तिने बी.एड. करून टीईटी आणि भरतीच्या चकरा मारायच्या, हा सुरक्षित रस्ता आहे असं मला वाटत नाही.

मुली, आता पगाराकडे वळू.

मार्च २०२४ ची एक गोष्ट तुझ्या सेमिनारमध्ये यायला हवी होती. ‘रुएन’ हे माल्टाचा झेंडा लावलेलं, बल्गेरियन मालकीचं जहाज सोमाली चाच्यांनी पळवलं होतं. आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने ते भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं, वायुदलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, ४० तासांची कारवाई झाली. १७ खलाशी सुटले, ३५ चाचे शरण आले. बल्गेरिया नाटोचा सदस्य; भारताचा नाटोशी संरक्षणाचा करार नाही; तरी हे झालं. ते ३५ जण आणले गेले मुंबईला, पोलिसांच्या ताब्यात, २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याखाली खटल्यासाठी. आता डोळ्यांसमोर आण : मुंबईच्या कोर्टात सोमाली आरोपी, बल्गेरियन मालकाचं जहाज, माल्टाचा झेंडा, भारतीय कायदा. दुभाषी लागतो, सागरी कायदा जाणणारा वकील लागतो, विमा कंपनीचा माणूस लागतो, आणि ही सगळी गुंतागुंत एका पानात लिहून दिल्लीला पाठवणारा कुणीतरी लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतली मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांच्या घरी हा विषय बातम्यांपुरता नसतो. सुरक्षा भागीदारीचं काम बहुतेक वेळा असं दिसतं. त्याला ब्रसेल्सची काच लागत नाही.

तुला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगणार आहे : जपानी शीक. आजपासून. ‘नाटोचे भागीदार’ असा विषय घेऊन फिरणारे खूप, आणि सगळे इंग्रजीत तीच चार निवेदनं वाचतात. जपानचं संरक्षण मंत्रालय दरवर्षी श्वेतपत्रिका काढतं, ‘बोएइ हाकुशो’; इंग्रजी आवृत्तीही असते. पण संसदेत विरोधकांनी काय विचारलं, ओकिनावातल्या स्थानिक पेपराने काय लिहिलं, हे इंग्रजीत फारसं येत नाही. ते वाचू शकणारी मराठी मुलगी दिल्लीतल्या कुठल्याही अभ्यासकेंद्राला हवीच असेल. शिवाय जपानी भाषेला पुण्यात जुनी परंपरा आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, खाजगी शिक्षिका, पुष्कळ वाटा आहेत. बार्शीतून ऑनलाइन सुरू कर. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात केंद्र आहे. सर्वांत खालची पातळी एन-५ : शंभरेक कांजी, म्हणजे चिनी वळणाची चिन्हं, आणि साधी वाक्यं, नेटाने केलं तर वर्षभरात होते. एन-३ ला पदवीनंतरचं एखादं वर्ष धर. एन-२ ला खरा घाम फुटतो, पण तिथे पोचलीस की पुण्यातल्या आयटी आणि वाहन कंपन्या जपानी ग्राहकांसाठी तुला घेतील. बाबांना हे समजावून सांग. सुरक्षा धोरण जमलं नाही तरी ही भाषा तुला जेवू घालेल, आणि पंचेचाळीस हजारांतला बराच हिस्सा वाचवून घालेल.

एम.ए.साठी दोन नावं डोक्यात ठेव. एक, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग. तिथे पुण्यातच राहून भाषाही चालू ठेवता येईल, हा मोठा फायदा. दुसरं, दिल्लीचं जेएनयू. तिथलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज या विषयात देशात जुनं आणि वजनदार, फी कमी, आणि वाचनालयात रात्री बसता येतं. प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून. माझा कल पहिली दोन वर्षं पुण्याकडे आहे. जेएनयू मिळालं तर मात्र मागे-पुढे बघू नकोस, भाषा तिथेही शिकता येते. भरमसाट फीची खाजगी विद्यापीठं ‘ग्लोबल’ ब्रोशर पाठवतील. ती चांगलीही असतील, पण या क्षेत्रात सुरुवातीचा पगार इतका मोठा नसतो की शैक्षणिक कर्ज सुखाने फिटेल.

त्यानंतरच्या वाटा. यूपीएससी आणि परराष्ट्र सेवा हे सगळ्यांना ठाऊक असतं. जागा मोजक्या, खुल्या प्रवर्गाला प्रयत्न सहा, मन लावून कर पण त्यावरच सगळं टेकवू नकोस. तिथे निवड झाल्यावर एक परकीय भाषा सक्तीने शिकवतात. आपल्या मुलांच्या लक्षात येत नाही ती दुसरी वाट : एसएससी सीजीएल, केंद्र सरकारच्या खात्यांतली पदवीधरांची भरती परीक्षा. त्यातून परराष्ट्र मंत्रालयात सहायक विभाग अधिकारी होता येतं आणि पुढे वकिलातींमध्ये बदल्याही मिळतात. सोलापूर जिल्ह्यातली मुलं सीजीएलला बसतात, पण पसंतीक्रम भरताना इन्कम टॅक्स आधी टाकतात आणि परराष्ट्र खातं पार खाली. तू उलटं कर.

अभ्यासकेंद्रांमध्ये दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था. संस्था १९६५ ची, पर्रीकरांचं नाव २०२० पासून. सागरी विषयासाठी नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन. मुंबईत गेटवे हाउस. तिथे आधी इंटर्नशिप, मग कंत्राटी संशोधक, असं चढावं लागतं. पैसा बेताचा, दिल्लीचं घरभाडं बेताबाहेरचं. हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर मला शिव्या देणार नाहीस. आणि ज्या खोलीत कुणी डोकावत नाही ती : निर्यात-नियमांचं काम. लष्करी उपयोगाच्या आणि दुहेरी वापराच्या वस्तू बाहेर पाठवायला ‘स्कोमेट’ यादीप्रमाणे परवानगी लागते. पुणे-नाशिक-नागपूर पट्ट्यात संरक्षण उत्पादन वाढतंय आणि हे कागद समजून भरणारी माणसं कंपन्यांना सहज सापडत नाहीत. काम रुक्ष आहे, पण कोणता देश कुणाला काय विकू देतो हे तिथे जितकं कळतं तितकं परिषदांमध्ये कळत नाही.

शिष्यवृत्तीचं सविस्तर नंतर, तुझा प्रवर्ग पत्रात नाही म्हणून. बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी कुठे बसतेस ते कळव. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती सगळ्यांसाठी खुली आहे, पदवीनंतर तिचा विचार करू.

आता गृहपाठ. टोकियोचं कार्यालय का बारगळलं, यावर एक पान लिही. एकच पान, मराठीत, बाबांना पहिल्या वाचनात समजेल असं. फ्रान्सचा मुद्दा फ्रान्सच्या बाजूने मांड, जपानचा जपानच्या, आणि शेवटच्या चार ओळींत तुझं मत. टाइप करू नकोस, हाताने लिही. सेमिनारच्या चौथ्या पानापासून पुढची भाषा तुझी नाही, हे मला कळलंय. बाबांना आधी वाचायला दे. ते जिथे अडकतील तिथे पेन्सिलने खूण करू देत, आणि ती खुणांची प्रतच मला पाठव. महिनाअखेरपर्यंत पाठव म्हणालो असतो, पण तुझी परीक्षा असेल, तेव्हा दिवाळीआधी चालेल. आणि दादांना म्हणावं, दुकान बंद केल्यावर फोन केला तरी हरकत नाही, मी साडेदहापर्यंत जागा असतो.